सतरा आले, सतरा गेले

शाळा साडेचारला सुटते आणि कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला जाणाऱ्या बाया साडेसहाला. मधले दोन तास लेकरांनी कुठं काढायचे, एवढ्या एका प्रश्नातून आमच्या भागातला सायंवर्ग निघाला. एका निवृत्त शिक्षिकेनं तो खामगावात, आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवरच्या समाजमंदिरात सुरू केला. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली शिकवायला येतात. आधी शाळेचा अभ्यास, मग मूठभर उकडलेले चणे आणि गुळाचा खडा, मग थोडं वाचन नाहीतर खेळ, आणि सव्वासहाला घर. मुलं सेहेचाळीस.

मी बाजार समितीत मापारी आहे. सकाळपासून दुपारी चारपर्यंत सोयाबीन, तूर, हरभरा काट्यावर चढवायचा, वजन सांगायचं आणि पोती मोजायची. आमच्याकडे मोजताना पहिल्या पोत्याला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. पोत्यावर हाताची थाप पडते आणि तोंडातून आकडा निघतो. पोत्याकडं पाहावंही लागत नाही, हाताला कळतं. बावीस वर्षं मी हे करतो आहे आणि माझ्या मोजणीवरून यार्डात कधी वाद झालेला नाही.

म्हणूनच बाईंनी मला दोन कामं दिली: हजेरीचं रजिस्टर आणि मुलांना घरी पोचवणं. हिवाळ्यात सहालाच अंधारून येतं, म्हणून मुलं तीन रांगांनी घरी जातात आणि प्रत्येक रांगेबरोबर एक मोठं माणूस असतं. माझ्या रांगेत सतरा मुलं होती. ती दोघं-दोघं हात धरून दारातून बाहेर पडायची आणि मी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजायचो. लाभ, दोन, तीन. मुलांना त्याची गंमत वाटे. पहिलं डोकं आपलं असावं म्हणून दारात रेटारेटी होई. पुढं एकेका घराशी आकडा कमी होत जाई आणि शेवटच्या घराशी शून्य येई. मग मी घरी जाऊन चहा पिई.

रांगेत आणखी पाच लेकरं असायची, पण ती मोजणीत नव्हती. धाकटी भावंडं. घरी कोणी नसल्यामुळं मोठ्या बहिणीला वर्गात यायचं तर धाकट्याला घेऊन यावं लागे. बाई त्यांना कोपऱ्यात बसू देत, चणेही देत. रजिस्टरात त्यांची नावं नकोत, असं मीच म्हटलं होतं. शाळेत ज्याचं नाव नाही त्याचं वर्गात कसं घालायचं? ती कडेवर असत किंवा बहिणीच्या मोकळ्या हाताला लटकलेली असत. त्यांना सोडून मोजायची मला सवय झाली होती.

दुसराही एक नियम माझाच. महिन्यातून एकदा पालकांची मिटिंग असे. ज्या घरातून सलग तीन मिटिंगांना कोणीच येणार नाही, त्या मुलाचं नाव कमी करायचं आणि थांबलेल्यांच्या यादीतलं पुढचं नाव घ्यायचं. यादीत अकरा मुलं थांबली होती. त्यांच्या आया रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, आमचा नंबर कवा? नियम ठेवला तर कोणाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही, असा माझा हिशोब होता. बाई म्हणाल्या, “सीझनमध्ये जमेल का त्यांना?” मी म्हटलं, “ज्याले गरज हाय तो येईनच.” बाईंनी फार ताणलं नाही. नियमाखाली त्यांनी सही केली.

ही गोष्ट जानेवारीतली. कापसाचा सीझन भरात होता आणि जिनिंगला रविवार नव्हता. आधीच्या दोन मिटिंगा रविवारी झाल्या होत्या, म्हणून ही तिसरी आम्ही बुधवारी संध्याकाळी साडेपाचला ठेवली. बुधवारी वर्ग सुरू होताना मी हजेरी घेतली. माझ्या रांगेतले सतराही हजर होते. मग चार नावं वाचली आणि सांगितलं, “यांच्या घरून आज कोनी आलं नाई तर उद्यापासून नाव कमी.”

चौघांपैकी एक चौथीतली मुलगी होती. वडील ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. आई मूळची संग्रामपूरकडची, इथं जिनिंगात कापूस निवडायच्या कामावर. मुलगी जूनमध्ये आली तेव्हा तिला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. दिवाळीनंतर ती कोपऱ्यात बसून साडेचार वर्षांच्या धाकट्या बहिणीला गोष्टी वाचून दाखवू लागली होती, तेही आवाज बदलून. नाव वाचलं तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच पाटीकडं पाहिलं.

साडेपाचला मिटिंग सुरू झाली. चौघांपैकी तिघांच्या घरून कोणी ना कोणी आलं. एक आजी, एक मामा, एक आई. चौथ्या घरून कोणी आलं नाही. सहाला मिटिंग संपली. मी रजिस्टर उघडलं, पट्टी ठेवली आणि लाल पेनानं त्या मुलीच्या नावावर रेघ मारली. कडेला उद्याची तारीख घातली.

मग रांग लागली. थंडी होती, मुलांनी कानटोप्या घातल्या होत्या, स्वेटरांच्या टोप्या ओढल्या होत्या. लाभ, दोन, तीन, असं करत सतरा. आठ जोड्या आणि शेवटी एक सुटा. त्या मुलीच्या गल्लीत तेव्हा नालीचं काम चाललं होतं, फरशा उकरून ठेवल्या होत्या, म्हणून महिनाभर मी आत न जाता कोपऱ्यावरच थांबत होतो. त्या गल्लीतल्या तीन मुली होत्या. तिघी आत गेलेल्या पाहिल्या, तीन वजा केले आणि पुढं निघालो. पावणेसातला शून्य झालं.

चहाचा कप हातात होता तेव्हा दार वाजलं. त्या मुलीची आई उभी होती. केसांत कापूस तसाच, पायांत चप्पल नाही.

“भाऊ, माही मोठी कुठी हाय?”

“घरी असंन. आताच सोडली मी.”

“घरी लहानी हाय. मोठी नाई.”

“असं कसं, ताई? सतरा आले, सतरा गेले. आकडा बरोबर हाय.”

“आकडा नोका सांगू मले,” ती म्हणाली. “पोरगी कुठी हाय ते सांगा.”

मी तेच पुन्हा सांगायला तोंड उघडलं होतं. माझी बायको आतून आली आणि तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला. “काय बसून राह्यले? उठा. मी बाईले फोन करतो, तुमी निंघा.”

आम्ही दोघं पळतच तिच्या गल्लीत गेलो. आई येईपर्यंत दोन्ही मुली शेजारच्या घरात बसत. शेजारीण गोधड्या शिवते, सगळी गल्ली तिला खाला म्हणते. ती दारातच उभी होती. “छोटी आई तो मैं समझी बडी पीछे है,” ती म्हणाली. “फिर मशीनपर बैठ गई मैं. या अल्ला, देखा नै मैंने.”

धाकटी पलंगाच्या कडेला बसली होती. अंगात बहिणीचा स्वेटर, बाह्या हाताच्या खाली वीतभर लोंबत होत्या, टोपी डोळ्यांपर्यंत. तिच्याकडं पाहिलं आणि मला समजलं. दारातून निघताना जोडीत उभं असलेलं ते एक डोकं हेच. डोक्यावर हात मीच ठेवला होता. खाली वाकून तोंड पाहिलं नव्हतं. उंचीतला फरकसुद्धा हाताला कळला नाही, कारण तोवर हात पुढच्या डोक्यावर गेला होता.

“ताई कुठी गेली वं?” आईनं तिला विचारलं.

“तुले आनाले.”

“मले? कुठून?”

“मिटिंगले.”

जोडीतली दुसरी मुलगी समोरच्याच घरात राहते. तिला बोलावलं तर ती आधीच रडत होती. “चने खाल्ल्यावर गेली ते. मले म्हने, हिचा हात धरजो, मी आईले घेऊन येतो. सांगजो नोको म्हने कोनाले.”

चणे सव्वापाचला वाटतात. तेव्हा मुलं हात धुवायला बाहेरच्या नळावर जातात आणि दहा मिनिटं दार उघडं असतं. म्हणजे पावणेदोन तास झाले होते. जिनिंग गावाबाहेर, समाजमंदिरापासून दोन किलोमीटर. दहा वर्षांची मुलगी अर्ध्या तासात पोचली असती. तिथून आई निघाली साडेसहाला. मग दोघींची गाठ का पडली नाही?

मी गाडी काढली. आई मागं बसली. रस्त्यात ती एकदाच बोलली. “मी मांगच्या गेटातून निंघाली. आमचा टेम्पो तिकूनच भरते.” मुलगी समोरच्या गेटशी गेली असणार, हे दोघांनाही कळलं.

सीझनमध्ये त्या रस्त्याला संध्याकाळी चालणं मोठ्या माणसालाही अवघड असतं. कापसानं भरलेल्या ट्रॉल्या, छोटे मालट्रक, मोठे ट्रक गेटपासून रांगेनं उभे असतात. रांग पुढं सरकली की सगळे एकदम पुढं-मागं करतात. ट्रॉलीवर कापूस इतका उंच भरलेला असतो की मागं काय आहे ते चालवणाऱ्याला दिसत नाही. हे सगळं मला माहीत होतं. मी गाडी चालवत होतो आणि प्रत्येक ट्रॉलीच्या चाकांशी पाहत होतो.

गेटवरचा माणूस म्हणाला, “पोरगी? नाई बा. मी सातले आलो ड्यूटीवर.”

“त्याच्या आंधी कोन होतं?”

“त्यो गेला गावाले. फोन लावू का?” त्यानं लावला. पलीकडचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. हाव, आली होती एक पोरगी. आत सोडत नाईत लेकराले, म्हनून म्हनलं बस तिकडं. मंग कुठी गेली त्याच्याकडं ध्यान नाई राह्यलं.

तिकडं म्हणजे कुठं, ते त्यालाही सांगता येईना. आई तोवर रांगेकडं निघाली होती. ती मुलीचं नाव घेऊन ओरडत होती, पण इंजिनांच्या आवाजात तिचा आवाज चार हातांपलीकडं जात नव्हता. मी दुसऱ्या बाजूनं निघालो. एकेका ड्रायव्हरला विचारायचं, खाली वाकून चाकांमागं टॉर्च मारायचा, पुढं जायचं. नववी गाडी, दहावी, अकरावी. आपण गाड्या मोजतो आहोत हे लक्षात आलं आणि मी मोजणं बंद केलं. मोजत गेलं असतं तर मला वाटलं असतं की काहीतरी होतं आहे.

एका ट्रॉलीवरून बाईचा आवाज आला. “ओ भाऊ, पोरगी पाहून राह्यले का?”

अमडापूरकडची शेतकरीण होती, नवऱ्याबरोबर कापूस घेऊन आलेली. ट्रॉलीवर कापसाच्या ढिगात तिनं जागा केली होती आणि तिच्या चादरीत ती मुलगी बसली होती. अंगात नुसता शाळेचा शर्ट. “गाड्याईच्या मधात उभी होती बाप्पा,” शेतकरीण म्हणाली. “म्हनलं वर ये, चाकाखाली जाशीन. माही आई येते म्हने. कवाची वाट पाहून राह्यली.”

मी तिच्या आईला हाक मारली. ती आली, हात वर केले, मुलगी खाली उतरली. मला वाटलं आई आता रडेल किंवा मारेल. तिनं मुलीचे पाय चाचपले, हात चाचपले, डोकं चाचपलं.

मुलगी म्हणाली, “आई, मिटिंग झाली असंन का?”

आईनं आपला पदर तिच्या अंगाभोवती गुंडाळला. मुलीला तेव्हा मी दिसलो.

“काका, माहं नाव काटलं का?”

खोटं बोलता आलं असतं. रजिस्टर समाजमंदिरात होतं, दुसऱ्या दिवशी पान बदलता आलं असतं. मी म्हणालो, “हाव.”

“कवा?”

“सहाले.”

म्हणजे ती कापसाच्या गाड्यांमध्ये उभी असताना. तिच्या आईनंही तोच हिशोब केला असावा. तिनं माझ्याकडं पाहिलं. “नियम कोनाचा हाय?”

“माहाच.”

“काटलं ते बरं केलं,” ती म्हणाली. “आता येनारच नाई ते.”

त्या तिघी, म्हणजे आई, मुलगी आणि ट्रॉलीवरची शेतकरीण, एकमेकींशी थोडं बोलल्या. मग मी दोघींना गाडीवर मागं बसवून परत आणलं. गल्लीच्या तोंडाशी बाई, माझी बायको आणि खाला उभ्या होत्या. मुलगी उतरून धाकटीकडं गेली आणि तिच्या अंगातला आपला स्वेटर काढू लागली. धाकटी सोडेना.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना ती लाल रेघ दाखवली आणि सगळं क्रमानं सांगितलं. जोडीतलं डोकं, कोपऱ्यावर थांबणं, सगळं. बाई म्हणाल्या, “रेघ तुम्ही मारली, नियमाखाली सही माझी आहे. दोघंही जाऊ.” संध्याकाळी सात वाजता आम्ही त्यांच्या दाराशी गेलो. मुलगी आत पोळ्यांना तेल लावत होती. आईनं आत बोलावलं नाही, बाईंसाठी एक खुर्ची बाहेर टाकली. मी उभा राहिलो.

मी म्हटलं, नियम काढून टाकला आहे.

“तुमीच केला, तुमीच काढला,” ती म्हणाली. “मधात माही पोरगी ट्रॉलीखाली गेली असती, तिचं काय?”

मी म्हटलं, चूक झाली.

“चूक त झालीच. मी गेल्ती सुट्टी मांगाले. मुकादम म्हने, जाचं त कायमचं जा. पोरीले सकाळी सांगतलं, पाहीन. तिले वाटलं, आई आली नाई त संपलं.” मग बाईंकडं वळून म्हणाली, “बाई, तुमच्या वर्गातल्या कितीक लेकराईच्या माया माह्यासंग काम करतात, मोजलं का या भाऊनं कवा?”

मी मोजलं नव्हतं.

“सोळा जनी हाव आमी एका गेटात. दुपारी एक वाजता अर्धा घंटा सुट्टी रायते. गेटाबाहेर लिंबाखाली जेवतो. तिथं घ्याले काय होते मिटिंग?”

बाई म्हणाल्या, “घेऊ.”

“घ्या. पोरीचं मंग पाहू.”

पुढच्या मंगळवारी मी यार्डातून अर्धा दिवस रजा घेतली आणि बाईंबरोबर गेटाबाहेरच्या लिंबाखाली गेलो. सोळा आया होत्या. सहा महिन्यांत आमच्या कोणत्याही मिटिंगला बारापेक्षा जास्त आया आल्या नव्हत्या. डबे उघडे ठेवून त्यांनी विचारलं ते असं होतं: पोरगं खोटं बोलते काय, इंग्रजी काऊन जमत नाई, खोकला हाय त पाठवावं का. एकीनं माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, “हेच का ते पोते मोजनारे?” सगळ्या हसल्या. मीही हसलो, जेवढं जमलं तेवढं. त्या मुलीची आई मात्र डबा संपवत होती. अर्धा तास संपल्यावर जाताना तिनं बाईंना एवढंच सांगितलं, “आज रातीले इचारीन तिले, जाची हाय का म्हनून.”

बुधवारी मुलगी आली नाही. गुरुवारीही नाही. मी हजेरी आता नाव घेऊन, वर पाहून, तोंड दिसल्यावरच मांडत होतो. रांगेतही तसंच. गल्लीतल्या नालीवर फळी टाकून आत जात होतो आणि प्रत्येक मूल घरातल्या माणसाच्या हातात देत होतो. या सगळ्याला पंधरा मिनिटं जास्त लागत. मुलांनी तक्रार केली, मोजणी काऊन बंद केली म्हणून. खालाच्या दारासमोरून जाताना ती आतून म्हणायची, “अभी नै भाईसाब. माँ सोच रही है.” त्या मुलीच्या जागेसाठी कोणाला बोलवायचं का, असं बाईंनी विचारलं नाही. यादीतल्या पहिल्या मुलाच्या आईनं मात्र मला रस्त्यात गाठलं. तिला मी खरं ते सांगितलं: जागा रिकामी नाही. ती म्हणाली, “रिकामीच त दिसते.”

शुक्रवारी पावणेपाचला मी दाराशी रजिस्टर घेऊन उभा होतो. निम्मी मुलं आत गेली होती. त्या दोघी आल्या. मोठीच्या अंगात तिचा स्वेटर, धाकटीच्या अंगात दुसरा, कोणाचा तरी जुना, मापाचा. मोठी उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

“ये ना आत,” मी म्हटलं.

“आईनं सांगतलं, आंधी इचार.”

“काय?”

“हिचं नाव लिहिता का?” तिनं धाकटीला पुढं केलं. “आई म्हने, दोघीचं लिहीत असंन त बसजा. एकीचंच लिहीत असंन त वापस ये.”

मागं मुलं खोळंबली होती. धाकटी माझ्याकडं पाहत होती आणि मोठी रजिस्टरकडं. मी उंबऱ्यावर बसलो, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि शेवटचं कोरं पान काढलं. आधी मोठीचं नाव नव्यानं लिहिलं, मग धाकटीला तिचं पूर्ण नाव विचारलं. तिनं बहिणीकडं पाहिलं. बहीण म्हणाली, “सांग ना वं, मी काय सांगू?” धाकटीनं सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मी लिहिलं. मोठी वाकून एकेक अक्षर वाचत होती. शेवटचं अक्षर होईपर्यंत ती उंबऱ्याच्या आत आली नाही.